स्मृतीची परीक्षा

संगणकासाठी मेमरीची पट्टी विकत आणली की तिच्यावर एक आकडा ठळक छापलेला दिसतो : ३२००, ३६०० किंवा ६०००. हा त्या पट्टीचा वेग. पट्टी खाचेत बसवावी, हा वेग निवडावा आणि संगणक सुरू करावा, तर कधीकधी पडदा काळाच राहतो. कधी संगणक सुरू होतो, पण तासाभराने काम करता करता मध्येच थिजतो. वेग एक पायरी खाली आणला की सारे सुरळीत चालू लागते. अशा वेळी ती पट्टी चांगली म्हणायची की खराब?

प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचे वय इलेक्ट्रॉनिक संगणकाएवढेच आहे. स्मृतीत ठेवलेली गोष्ट जशीच्या तशी परत मिळते का, आणि पूर्ण वेगाने काम चालू असतानाही ती तशीच मिळते का, हे तपासायचे कसे? या एका प्रश्नापायी अख्खी यंत्रे बांधली गेली आहेत. तो इतिहास पाहिला तर पट्टीवरच्या आकड्याचा खरा अर्थ आपल्याला कळेल. शाळेच्या संगणकखोलीत असा प्रसंग आला तर काय करावे, हेही त्यातूनच उमजेल.

पडद्यावरचे ठिपके

फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न हे दोघे इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या संशोधनात होते. रडारचा पडदा म्हणजे ऋणकिरण नळी. जुन्या दूरचित्रवाणी संचात असे तशीच. या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर आदळला की तिथे विद्युतभाराचा एक बारीक ठिपका तयार होतो. ठिपक्याचा एक प्रकार म्हणजे ० आणि दुसरा म्हणजे १ असे ठरवले, तर पडद्याची पाटी होते. अडचण अशी की हा भार सेकंदाच्या काही अंशातच ओसरतो. त्यावरचा त्यांचा उपाय साधा होता. ठिपका पुसट होण्याआधी तो वाचायचा आणि पुन्हा जागच्या जागी गिरवायचा. लहान मूल पाटीवरचे अक्षर गिरवत बसते, तसे हे यंत्र आपली पाटी सतत गिरवत राही.

१९४७ च्या अखेरीस मँचेस्टर विद्यापीठात एका नळीवर २०४८ बिट तासन्‌तास टिकवून दाखवण्यात यश आले. पण तेवढ्याने दोघांचे समाधान होण्यासारखे नव्हते. नुसती पडून असलेली माहिती टिकते, एवढेच त्यातून सिद्ध झाले होते. संगणक चालू असतो तेव्हा ठिपके क्षणोक्षणी, वाटेल त्या क्रमाने वाचले जातात आणि बदलले जातात. त्या धबडग्यात स्मृती टिकते की नाही हे पाहायला संगणकच हवा, आणि तसा संगणक तर जगात कुठेच नव्हता. तेव्हा जेफ टूटिल यांच्या साथीने त्यांनी स्मृतीची परीक्षा घेण्यापुरता एक छोटा संगणक बांधला. 'बेबी' या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्याची स्मृती ३२ ओळींची, प्रत्येक ओळीत ३२ बिट, म्हणजे एकूण १०२४ बिट.

२१ जून १९४८ रोजी बेबीने आपले पहिले गणित बिनचूक सोडवले. इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या स्वतःच्या स्मृतीत साठवलेला कार्यक्रम चालण्याची ही पहिली वेळ. गणित कोणते होते? २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४. या संख्येला निःशेष भागणारी, तिच्याहून लहान अशी सर्वांत मोठी संख्या शोधायची. आपला सातवीचा विद्यार्थीही सांगेल की ती संख्या म्हणजे निम्मी, १,३१,०७२. यंत्राने मात्र वरून एकेक संख्या तपासत खाली यायचे होते. त्याला ५२ मिनिटे लागली. इतके सोपे गणित का निवडले असेल? उत्तर आधीच ठाऊक होते आणि तिथवर पोहोचायला लाखो क्रिया कराव्या लागणार होत्या, म्हणून. वाटेत स्मृतीने दगा दिला असता तर तो लपून राहिला नसता. शिक्षकही नव्या पद्धतीची पारख उत्तर माहीत असलेल्या उदाहरणावरच करतात.

या नळ्यांची एक खोडही ध्यानात ठेवू. एकच ठिपका पुनःपुन्हा वाचला तर इलेक्ट्रॉनांचे शिंतोडे शेजारच्या ठिपक्यांवर उडत आणि तेही बिघडत. ही खोड पुढे फार वर्षांनी पुन्हा भेटणार आहे.

मुद्दाम ताण देऊन पाहणे

याच सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जे फॉरेस्टर आणि रॉबर्ट एव्हरेट हे 'व्हर्लविंड' नावाचा संगणक उभारत होते. हवाई संरक्षणासाठी तो वापरायचे ठरले होते. रडारकडून येणारी माहिती तिथल्या तिथे तपासायची, तर यंत्र मध्येच बंद पडून कसे चालेल? पण त्यात हजारो निर्वात नळ्या होत्या, आणि नळी म्हटली की ती हळूहळू क्षीण होणारच.

फॉरेस्टर यांच्या गटाने यावर जी युक्ती केली ती आजही मोलाची आहे. देखभालीच्या वेळी परिपथांना मिळणारे व्होल्टेज ते मुद्दाम नेहमीपेक्षा कमी-जास्त करत आणि त्याच वेळी तपासणीचा कार्यक्रम चालवून पाहत. धडधाकट नळी हा ताण सहज सोसे. आज चालते पण उद्या-परवा मान टाकेल अशी नळी मात्र लगेच उघडी पडे, आणि ऐन कामात दगा देण्याआधीच ती बदलता येई. सीमेवर नेऊन केलेली ही तपासणी होती. नेहमीच्या परिस्थितीत यंत्र चालते का, यावर ते थांबत नसत. ते कुठवर चालते आणि कुठे चुकू लागते, याची ते नोंद ठेवत. या दोहोंमधले अंतर म्हणजेच यंत्राची राखीव ताकद.

व्हर्लविंडचे खरे दुखणे होते त्याच्या स्मृतीत. तीही पडद्यावरच्या विद्युतभाराचीच होती. शेवटी फॉरेस्टर चुंबकाकडे वळले. फेराइटची एक बारीक कडी घ्यायची. तिचे चुंबकत्व एका दिशेने असेल तर ०, उलट दिशेने असेल तर १. अशा कड्या उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत ओवायच्या. एका उभ्या आणि एका आडव्या तारेतून निम्मा-निम्मा प्रवाह सोडला की दोन्ही तारा जिथे छेदतात त्या एकाच कडीला पूर्ण प्रवाह मिळतो आणि तीच उलटते.

यातली मेख पाहा. प्रवाह थोडा जास्त झाला तर निम्म्यानेच भलत्या कड्या उलटतील. थोडा कमी झाला तर हवी ती कडीही हलणार नाही. योग्य प्रवाहाला वरची मर्यादा आहे तशी खालचीही. म्हणून ही स्मृती व्हर्लविंडला जोडण्याआधी तिची परीक्षा घेण्यासाठी एक वेगळा संगणकच बांधण्यात आला. त्याचे नावच 'मेमरी टेस्ट कॉम्प्युटर'. मँचेस्टरच्या गोष्टीची ही पुनरावृत्तीच नव्हे का? ऑगस्ट १९५३ मध्ये कड्यांची स्मृती व्हर्लविंडमध्ये बसली. स्मृतीच्या देखभालीला रोज चार तास लागत, ते आठवड्याला दोन तासांवर आले. आधी सरासरी दोन तासांत एकदा बिघडणारी स्मृती आता दोन आठवडे टिकू लागली.

आपल्याकडेही ही स्मृती लवकरच आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला 'टिफरॅक' हा संगणक १९६० मध्ये पूर्ण क्षमतेने कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि फेराइट कड्यांच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. म्हणजे ८१,९२० बिट. प्रत्येक बिटासाठी एक कडी धरली तर तेवढ्या कड्या तारांत ओवणे किती किचकट असेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांना सहज बांधता येईल.

सीमा शोधण्याची ही पद्धत पुढे अभियंत्यांनी कागदावर आणली. एका अक्षावर व्होल्टेज, दुसऱ्यावर वेळ किंवा प्रवाह घ्यायचा आणि स्मृती जिथे जिथे बिनचूक चालली तिथे खूण करायची. खुणांचा जो ठसा उमटे तो कधी गोलमटोल, कधी वेडावाकडा असे. अल कॅप या अमेरिकन व्यंगचित्रकाराने १९४८ मध्ये रंगवलेल्या 'श्मू' नावाच्या गुबगुबीत प्राण्यासारखा तो दिसे, म्हणून अशा आलेखाला 'श्मू आलेख' हेच नाव पडले. स्मृतीच्या कारखान्यांत हा शब्द आजही रूढ आहे. नेहमीच्या कामाचा बिंदू या ठशाच्या मधोमध असेल तर निश्चिंत राहावे. तो कडेला असेल तर आज चालेल, उद्या नाही.

गळके रांजण

१९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना एक बिट साठवण्यासाठी एकच ट्रान्झिस्टर आणि एक छोटा कॅपॅसिटर पुरेल अशी कल्पना सुचली. १९६८ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली. तिच्या कप्प्यात ट्रान्झिस्टर तीन होते, पण तत्त्व तेच : विद्युतभार म्हणजे स्मृती. तिची क्षमता १०२४ बिट, म्हणजे बरोबर बेबीएवढीच. भार गळून जाण्याची खोडही तीच, आणि दर दोन मिलिसेकंदांनी पुन्हा गिरवण्याचा उपायही तोच. आजच्या डीडीआर४ मेमरीत साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ अशीच गिरवली जाते. तापमान वाढले की गळती वाढते. म्हणून चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली तर दुप्पट वेळा गिरवावे लागते.

कप्पे जसजसे लहान होत गेले तसतसा एका बिटाचा भारही घटत गेला, आणि १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी एक चमत्कारिक शोध जाहीर केला. काही चिपांत मधूनच एखादा बिट उलटे. पुन्हा तपासावे तर चिप ठणठणीत. कारण निघाले चिपच्या वेष्टनात. त्यातील युरेनियम व थोरियमच्या अत्यल्प अंशातून बाहेर पडणारे अल्फा कण कप्प्यातला भार बिघडवत होते. वेष्टन अधिक शुद्ध करून आणि कप्प्यांची रचना सुधारून हा त्रास पुष्कळ आटोक्यात आला.

शेजाऱ्यावर शिंतोडे उडण्याची जुनी खोडही परत आली. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल यांच्या संशोधकांनी दाखवले की मेमरीतली एकच ओळ अतिशय वेगाने पुनःपुन्हा उघडली तर शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. त्यांनी तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकी ११० पट्ट्यांत हा दोष दिसला.

एखादा बिट उलटला तर असे काय बिघडते? द्विमान पद्धतीत ३५ ही संख्या १०००११ अशी लिहितात. शेवटचा बिट उलटला की ३४ होतात, आणि उत्तीर्ण मुलगा अनुत्तीर्ण ठरतो. पहिला उलटला तर उरतात ३. बेल्जियममध्ये मे २००३ च्या निवडणुकीत ब्रसेल्सजवळच्या स्खारबेक येथे एका उमेदवाराला शक्य नव्हती इतकी मते मिळालेली दिसली. फेरमोजणीत जास्तीची मते निघाली नेमकी ४,०९६, म्हणजे २ चा १२ वा घात. कार्यक्रमात चूक सापडली नाही. तेव्हा स्मृतीतला तेरावा बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. आकडा अशक्य होता म्हणून चूक पकडली गेली. संगणक थिजतो तेव्हा निदान बिघाड कळतो तरी. चुकीचे उत्तर निमूटपणे देणारी स्मृती त्याहून घातक असते. म्हणूनच महत्त्वाच्या कामाच्या संगणकांत ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून चूक ओळखण्याची व सुधारण्याची सोय केलेली असते. बेल प्रयोगशाळेच्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये तिचा पाया घातला. घरगुती व शाळेच्या संगणकांत ही सोय बहुधा नसते.

आकडा कशाचा?

आता पट्टीवरच्या आकड्याकडे वळू. ३२०० याचा अर्थ प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला ०.३१२५ नॅनोसेकंद येतात. मदरबोर्डवरच्या तारेतून संदेश एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. तेव्हा एका बिटाच्या वेळात तो पाच सेंटिमीटरही जात नाही. प्रोसेसर आणि पट्टी यांतले अंतर बहुधा याहून जास्त असते. म्हणजे एक बिट पोहोचायच्या आतच त्याच्यामागून दुसरा निघालेला असतो.

दुसरे गणित करून पाहू. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या १०० मेगाहर्ट्‌झच्या मेमरीत मागणीनंतर माहिती हाती यायला दोन ठोके, म्हणजे २० नॅनोसेकंद लागत. आजच्या ३२०० च्या पट्टीत १६ ठोके लागतात, पण ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा. एकूण १०. तारेवरचा वेग ३२ पट झाला, पण कप्प्यातून आठवण्याचा वेळ जेमतेम निम्मा झाला. यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. छापील वेगाला पट्टी अडखळते तेव्हा अनेकदा आठवणे बिघडलेले नसते, बोलणे-ऐकणे बिघडलेले असते. आणि बोलण्या-ऐकण्यात पट्टी एकटी नसते. मदरबोर्डवरच्या तारा असतात, आणि प्रोसेसरमधला मेमरीचा नियंत्रकही असतो. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये हा नियंत्रक प्रोसेसरच्या आत नेला.

जेडेक ही संस्था मेमरीची प्रमाणे ठरवते. प्रत्येक पट्टीवर एक चिमुकली चिप असते. तिच्यात प्रमाणित वेग नोंदलेला असतो आणि संगणक सुरू होताना तोच वापरतो. वेष्टनावरचा मोठा आकडा पुष्कळदा याच्या वरचा असतो. तो एक्सएमपी किंवा एक्स्पो या नावाच्या वेगळ्या नोंदीत असतो आणि त्यासाठी व्होल्टेजही जास्त लागते. डीडीआर४ ला प्रमाणानुसार १.२ व्होल्ट, तर अशा नोंदीत अनेकदा १.३५. एक्सएमपी इंटेलने २००७ मध्ये आणले, एक्स्पो एएमडीने २०२२ मध्ये. त्या वेगाला पट्टी चालते, असे तिचा निर्माता सांगतो. तुमचा प्रोसेसर आणि तुमचा मदरबोर्ड तिला साथ देतील, असे तो कसे सांगणार?

परीक्षा घ्यायची कशी?

इतिहासात सापडलेल्या युक्त्या इथे जशाच्या तशा उपयोगी पडतात. पहिले काम महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवण्याचे. बिघडलेली स्मृती फायलीही बिघडवते. मग वेग प्रमाणित नोंदीवर आणावा आणि मेमरी तपासणारा कार्यक्रम रात्रभर चालू ठेवावा. १९९४ मध्ये ख्रिस ब्रॅडी यांनी लिहिलेला मेमटेस्ट८६ हा अशा कार्यक्रमांतला जुनाजाणता. तो नेहमीची प्रणाली सुरू न करता चालतो, ठराविक नमुने स्मृतीत लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो. उत्तर आधी माहीत असलेले गणित, बेबीला घातले होते तसेच.

प्रमाणित वेगालाही चुका निघाल्या तर पट्टी, खाच किंवा त्यांचा स्पर्श यांपैकी काहीतरी सदोष आहे. संगणक बंद करून, वीज काढून, एकाच खाचेत एकेक पट्टी लावून पाहावी. मग पट्टी तीच ठेवून खाच बदलावी. चूक पट्टीबरोबर फिरली तर दोष पट्टीचा. खाचेपाशीच राहिली तर मदरबोर्डचा किंवा प्रोसेसरचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथेही पाळावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही.

प्रमाणित वेगाला एकही चूक नसेल आणि छापील वेगालाच अडत असेल, तर पट्टी टाकून देण्याची घाई करू नये. चार पट्ट्या असतील तर दोनच ठेवून पाहाव्यात. चार पट्ट्यांचा भार तारांना जड जातो. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या एकत्र लावल्या असतील तर त्या वेगळ्या कराव्यात. मदरबोर्डच्या निर्मात्याने बायोसची नवी आवृत्ती दिली असेल तर ती घालावी. संगणक सुरू होताना तारांवरच्या वेळा जुळवण्याची जी तालीम करतो ती अनेकदा नव्या आवृत्तीत सुधारलेली असते. डीडीआर५ च्या संगणकात पहिल्यांदा ही तालीम काही मिनिटेही चालते. तेवढा वेळ पडदा काळा राहिला म्हणून घाबरून वीज तोडू नये. एवढे करूनही जमले नाही तर वेग एकेक पायरी उतरवावा आणि चुका थांबतात ती पायरी टिपून ठेवावी. व्होल्टेज वाढवण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. आणि हिवाळ्यात रात्री उत्तीर्ण झालेली स्मृती मे महिन्यातल्या दुपारी पुन्हा एकदा तपासावी. चुका थांबल्या त्या पायरीच्या आणखी एक पायरी खाली शाळेचा संगणक चालवला तर कामात फरक जाणवणारही नाही. हाती राखीव ताकद मात्र राहील.

वर्गात हे सारे एका तासिकेत दाखवता येते. वीस अंकी संख्या विद्यार्थ्यांना श्रुतलेखनासाठी सांगावी. आधी सावकाश, मग दर वेळी थोडी भरभर. चुका कोणत्या वेगाला सुरू होतात ते फळ्यावर मांडावे. मग खिडक्या उघडून, बाहेरचा गोंगाट आत येऊ देऊन तोच प्रयोग करावा. मग सांगणारा बदलावा. प्रत्येक वेळी सीमा सरकेल. मग मुलांना विचारावे की चुकणाऱ्या मुलाची स्मरणशक्ती कमी आहे, असे यावरून म्हणता येईल का? ते म्हणण्याआधी आणखी काय काय तपासायला हवे, याची यादी मुले स्वतःच करतील.